बुद्धिबळाच्या पहिल्या १५ चाली खेळाडू विचार न करताच कशा खेळतात? कॉम्प्युटर, ओपनिंग आणि ९६० मांडण्यांची गोष्ट

नोव्हेंबर २०१८. लंडनमध्ये मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांच्यात बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना सुरू होता. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसरा बरोबरीत. तिसराही. असं करत करत बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. शेवटी कमी वेळाचे जलद डाव खेळवावे लागले, ते कार्लसनने ३-० असे जिंकले आणि विषय संपला.

पण खरी चर्चा त्यानंतर सुरू झाली. कॉम्प्युटरने बुद्धिबळ मारलं का?

आता याला एक बाजू अशीही आहे की ते सगळे डाव काही रटाळ नव्हते. पहिलाच डाव ११५ चाली चालला आणि त्यात कार्लसनच्या हातातला विजय निसटला. तरीही एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. डावाच्या सुरुवातीला दोघंही घड्याळाकडे न बघता भराभर चाली खेळत होते. कारण त्या चाली पटावर सुचलेल्या नव्हत्याच, त्या घरून पाठ करून आणलेल्या होत्या.

हे असं कधीपासून झालं, कॉम्प्युटरने त्यात नेमकं काय केलं, आणि यावर उपाय म्हणून मोहऱ्यांची मांडणीच बदलून टाकायचं खूळ कुठून आलं, ते बघू.

आधी ओपनिंग म्हणजे काय ते समजून घ्या

डावाच्या सुरुवातीच्या चालींना ओपनिंग म्हणतात. पांढऱ्याकडे पहिल्या चालीसाठी २० पर्याय असतात, काळ्याकडेही २०. म्हणजे दोघांनी एकेक चाल केली की ४०० शक्यता तयार होतात, आणि पुढे हा आकडा इतका फुगतो की तो लिहून दाखवण्यातही अर्थ नाही. पण यातल्या बहुतेक चाली फालतू असतात. कामाच्या कोणत्या, हे माणसांनी शेकडो वर्षं खेळून, हरून, वह्यांमध्ये लिहून शोधलं. त्यांना नावं दिली. सिसिलियन, फ्रेंच, रुय लोपेझ, किंग्ज इंडियन वगैरे.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही पाठांतर होतंच. सोव्हिएत खेळाडूंकडे प्रशिक्षकांची फौज असायची, परदेशी मासिकांतले डाव कापून ठेवले जायचे, आणि एखादी नवी चाल सापडली की ती मोठ्या स्पर्धेसाठी गुपचूप राखून ठेवली जायची. ज्याच्याकडे पुस्तकं आणि माणसं जास्त, त्याची सुरुवात चांगली, असा सरळ हिशोब होता.

या हिशोबाला अपवाद ठरलेला माणूस आपल्याच उपखंडातला. पंजाबातला मीर सुलतान खान. तो देशी नियमांचं बुद्धिबळ शिकून मोठा झाला. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढं जायचं, त्यामुळे युरोपातलं ओपनिंगचं ज्ञान त्याच्या उपयोगाचंच नव्हतं. १९२९ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही जिंकला. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. सुरुवातीला त्याची स्थिती बऱ्याचदा वाईट व्हायची, मग तो मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात ती सावरायचा. आजच्या काळात सुरुवातीलाच वाईट स्थितीत सापडलेल्याला समोरचा सावरू देत नाही. कारण पुढचं कसं जिंकायचं हेही त्याने घरी तपासलेलं असतं.

डेटाबेस वेगळा, इंजिन वेगळं

'कॉम्प्युटर' म्हटलं की लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. एक म्हणजे डेटाबेस. यात आजवर खेळले गेलेले लाखो डाव साठवलेले असतात. दुसरं म्हणजे इंजिन. ते स्वतः विचार करून चाल सुचवतं. बुद्धिबळ आधी बदललं ते डेटाबेसने.

याचा किस्सा भारी आहे. १९८५ मध्ये गॅरी कास्पारोवने हॅम्बर्गच्या एका क्लबच्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी सामना खेळला आणि तो ३.५-४.५ असा हरला. समोरचे खेळाडू तगडे होते आणि त्यांचा खेळ कसा आहे हे त्याला फारसं ठाऊक नव्हतं. १९८७ मध्ये तो त्याच क्लबशी पुन्हा खेळला. मधल्या काळात चेसबेस नावाचा नवा डेटाबेस आला होता. त्यातून कास्पारोवने प्रतिस्पर्ध्यांचे जुने डाव काढले, कोण कुठली ओपनिंग खेळतो, कुठे अडखळतो ते बघितलं आणि सामना ७-१ असा खिशात घातला. तोच माणूस, तोच क्लब, फक्त तयारी वेगळी.

दहा वर्षांनी याच कास्पारोवला ओपनिंगनेच रडवलं. ११ मे १९९७, न्यूयॉर्क. आयबीएमच्या डीप ब्लूविरुद्धचा सहावा आणि शेवटचा डाव. कास्पारोव कारो-कान खेळायला गेला आणि सातव्या चालीला त्याने एक धोकादायक प्यादं पुढं केलं. डीप ब्लूने लगेच घोड्याचा बळी दिला. डाव १९ चालींत संपला आणि कास्पारोव सामना हरला. जगभर बातमी झाली की मशीनने माणसाला विचारात हरवलं. पण तो घोड्याचा बळी मशीनने विचार करून शोधलेलाच नव्हता! ग्रँडमास्टर लोकांनी त्याच्या ओपनिंगच्या साठ्यात ती चाल आधीच भरून ठेवली होती. म्हणजे त्या दिवशी मशीननेही पाठच केलं होतं.

मग इंजिन प्रत्येकाच्या खिशात आलं

डीप ब्लू हे दोन मोठ्या कपाटांएवढं मशीन होतं. पण २००९ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या एका स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ नावाचा प्रोग्रॅम साध्या मोबाईलवर चालवला गेला आणि त्याने १० पैकी ९.५ गुण घेतले. आज स्टॉकफिश नावाचं इंजिन फुकट मिळतं आणि ते जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा कितीतरी पुढं आहे. कार्लसनकडे जे इंजिन आहे तेच जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या, स्वस्तातला मोबाईल वापरणाऱ्या पोराकडेही आहे.

हा फायदा छोटा नाही. पूर्वी पुस्तकं मागवायला आणि चांगला प्रशिक्षक मिळायला मोठं शहर लागायचं, पैसा लागायचा. भारतात गेल्या काही वर्षांत जी पिढी पुढं आली, तिच्या हातात लहानपणापासून हे हत्यार होतं. ओपनिंग पाठ करण्याला शिव्या घालताना ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. अर्थात इंजिन फुकट असलं तरी ते रात्रंदिवस चालवायला लागणारी महागडी यंत्रं आणि त्यातून कामाचं काय ते निवडून देणारे सहाय्यक आजही पैसेवाल्यांकडेच जास्त असतात.

तयारीची ताकद काय असते हे विश्वनाथन आनंदच्या दोन सामन्यांत दिसतं. २००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्ध आनंद अशा चाली घेऊन आला ज्या समोरच्याने बघितल्याच नव्हत्या. काळ्या मोहऱ्यांनी त्याने तिसरा आणि पाचवा डाव जिंकला, तोही एकाच ओपनिंगमध्ये. सामना तिथेच फिरला.

दोन वर्षांनी सोफियात उलटं झालं. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद होती, आनंद जर्मनीहून रस्त्याने बल्गेरियाला पोचला. टोपालोवविरुद्ध पहिल्याच डावात त्याने ग्रुनफेल्ड खेळलं. तयारी घरी झालेली होती, पण पटावर बसल्यावर चालींचा क्रम डोक्यात उलटसुलट झाला. टोपालोवने घोड्याचा बळी दिला आणि डाव ३० चालींत संपला. जगज्जेता हरला तो आठवणीत गडबड झाली म्हणून. पुढे आनंदने सामना ६.५-५.५ असा जिंकला ही गोष्ट वेगळी, पण फिशर कशावर वैतागला होता ते समजायला हा एक डाव पुरेसा आहे. त्या फिशरकडे येऊच.

कार्लसनने यातून वेगळी वाट काढली. समोरचा तयारी करून आलाय ना, मग त्या रस्त्याने जायचंच नाही. साधी, जरा कमी नफ्याची ओपनिंग खेळायची, मोहरी पटावर टिकवायची आणि पुढचे चार तास समोरच्याला पिळायचं. २०१३ मध्ये चेन्नईत त्याने आनंदला असंच हरवलं. आज बरेच खेळाडू इंजिनच्या यादीतली पहिली चाल मुद्दाम सोडून तिसरी किंवा चौथी खेळतात. ती वाईट नसते, आणि समोरच्याने तपासलेली नसण्याची शक्यता जास्त असते.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडचं अल्फाझिरो आलं. त्याला फक्त नियम सांगितले होते, माणसांचा एकही डाव दाखवला नव्हता. स्वतःशीच खेळून ते शिकलं आणि स्टॉकफिशविरुद्धच्या १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. गंमत म्हणजे माणसांनी शेकडो वर्षांत शोधलेल्या बऱ्याच ओपनिंग त्याला आपणहून सापडल्या. म्हणजे जुनी मंडळी बरीचशी बरोबर होती. पण पटाच्या कडेचं प्यादं बेधडक पुढं रेटत जाण्याची त्याची सवय नवीन होती, आणि ती मग मोठ्या खेळाडूंच्या डावांतही दिसू लागली. कॉम्प्युटरने खेळ सुकवला असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

मशीनलाही नेहमीची सुरुवात परवडत नाही

इंजिनांची आपापसात एक स्पर्धा असते, टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिप. तिथे इंजिनांना ओपनिंग स्वतः निवडू देत नाहीत. आयोजकच मुद्दाम एका बाजूला झुकलेली सुरुवात ठरवून देतात, आणि तीच सुरुवात बाजू बदलून दुसऱ्यांदा खेळवतात. कारण नेहमीच्या मांडणीपासून मोकळं सोडलं तर आजची तगडी इंजिनं जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सोडवतील.

बुद्धिबळ 'सुटलं' आहे असा याचा अर्थ नाही. चेकर्स हा खेळ २००७ मध्ये पूर्ण सुटला, दोघं बिनचूक खेळले तर बरोबरी होते हे सिद्ध झालं. बुद्धिबळात पटावर सात मोहरी उरल्यावर पुढचं सगळं गणित माहीत आहे, बत्तीस मोहऱ्यांचं नाही. पण बरोबरीचा वास सगळ्यांना येतोय.

९६० हा आकडा आला कुठून?

आता बॉबी फिशर. १९७२ मध्ये रेक्याविकला स्पास्कीला हरवून जगज्जेता झालेला अमेरिकन. १९ जून १९९६ रोजी ब्युनॉस आयर्समध्ये त्याने आपल्या नव्या बुद्धिबळाची घोषणा केली. तारीख नीट बघा, डीप ब्लूने कास्पारोवला सामन्यात हरवायच्या जवळपास वर्षभर आधीची आहे. म्हणजे फिशरचा राग मुळात इंजिनांवर नव्हता, पाठांतरावर होता. इंजिनांनी नंतर त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं, एवढंच. मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडायची कल्पनाही त्याची एकट्याची नव्हती. झायलेन व्हॅन नायेवेल्ट नावाच्या डच माणसाने १७९२ मध्येच असं सुचवलं होतं. फिशरने त्याला व्यवस्थित नियम दिले.

नियम असे. प्यादी नेहमीच्या जागी. मागच्या रांगेतली आठ मोहरी चिठ्ठीने मांडायची, पण दोन अटी. एक उंट पांढऱ्या घरात आणि एक काळ्या घरात हवा, आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी हवा. काळ्याची मांडणी पांढऱ्यासारखीच, आरशात दिसावी तशी.

हिशोब सोपा आहे. पांढऱ्या घरातल्या उंटाला ४ जागा, काळ्या घरातल्याला ४, म्हणजे १६ प्रकार. उरलेल्या ६ घरांपैकी एकात वजीर. मग उरलेल्या ५ घरांपैकी २ घरांत घोडे, हे १० प्रकारे होतं. राहिली तीन घरं, त्यात मधे राजा आणि दोन्हीकडे हत्ती, इथे पर्यायच नाही. १६ गुणिले ६ गुणिले १०, बरोबर ९६०. आपण लहानपणापासून खेळतो ती मांडणी या ९६० पैकीच एक आहे. शून्यापासून मोजलं तर तिचा क्रमांक ५१८.

कॅसलिंगचं काय, हा प्रश्न हमखास पडतो. ते करता येतं. राजा आणि हत्ती सुरुवातीला कुठेही असले तरी कॅसलिंग झाल्यावर ते नेहमीच्या बुद्धिबळात येतात त्याच घरांत येऊन बसतात. त्यामुळे कधी कधी राजा जागचा हलतही नाही आणि फक्त हत्ती उडी मारून पलीकडे जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे भलतंच विचित्र वाटतं.

या प्रकाराला फिशर रँडम, चेस९६० आणि आता फ्रीस्टाइल अशी तीन नावं आहेत. खेळ एकच.

पटावर काय घडलं?

२००१ मध्ये माइन्झला पीटर लेकोने मायकेल ॲडम्सला ४.५-३.५ असं हरवलं, तो पहिला मोठा सामना. जागतिक बुद्धिबळ महासंघ म्हणजे फिडेने अधिकृत जगज्जेतेपद सुरू केलं ते मात्र २०१९ मध्ये. अंतिम सामन्यात वेस्ली सोने कार्लसनचा १३.५-२.५ असा धुव्वा उडवला. २०२२ मध्ये रेक्याविकला, म्हणजे फिशर जिथे जगज्जेता झाला आणि जिथे २००८ मध्ये वारला त्याच शहरात, हिकारू नाकामुरा जिंकला.

फेब्रुवारी २०२४ पासून जर्मनीतल्या वायसेनहाउसमध्ये बडे खेळाडू आणि भरपूर वेळ देणारे डाव असा थाट सुरू झाला. डाव सुरू व्हायच्या थोडाच वेळ आधी मांडणी जाहीर होते. मग पांढरी मोहरी असलेले सगळे एकत्र उभे राहून चर्चा करतात, काळी असलेले वेगळीकडे. एरवी ओपनिंग एकमेकांपासून लपवणारे लोक इथे घोळका करून बोटं दाखवत बोलत असतात. डाव सुरू झाल्यावर पहिल्याच चालीला कित्येक मिनिटं घेतली जातात. जी चाल एरवी एका सेकंदात होते!

पहिल्या वर्षी कार्लसन जिंकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीचाच व्हिन्सेंट केमर जिंकला. आणि दोनच महिन्यांपूर्वी सिंगापूरला जगज्जेता झालेला डी. गुकेश एकही डाव न जिंकता आठवा आला. लगेच सोशल मीडियावर निकाल लागला की ही पोरं इंजिनवर वाढलेली, पुस्तक काढून घेतलं की संपली. हा निष्कर्ष जरा घाईचा आहे. केमरही विशीतलाच, तोही इंजिनवरच वाढलेला. त्याच वर्षी जुलैमध्ये लास वेगासला प्रज्ञानंदने कार्लसनला ३९ चालींत हरवलं आणि अर्जुन एरिगैसी उपांत्य फेरीपर्यंत गेला. स्पर्धा जिंकली मात्र चाळिशी ओलांडलेल्या लेव्हॉन अरोनियनने, जो २००६ आणि २००७ मध्येही माइन्झला हाच प्रकार जिंकला होता. नाशिकचा विदित गुजराथीही पॅरिसच्या टप्प्यात खेळला होता. सवय लागते, एवढंच यातून नक्की म्हणता येतं.

मग कॉम्प्युटर गेला का?

नाही. ९६० मांडण्यांच्या १५-१५ चाली कोणी पाठ करू शकत नाही, हे खरं. पण इंजिन प्रत्येक मांडणीचं मोजमाप क्षणात सांगतं, आणि सगळ्या मांडण्या सारख्या नसतात हेही त्यातूनच कळलं. काहींमध्ये पांढऱ्याला नेहमीपेक्षा जास्त फायदा असतो, एखादं प्यादं सुरुवातीलाच कोणाच्याही आधाराशिवाय उघडं असतं. म्हणून बऱ्याच सामन्यांत एकच मांडणी बाजू बदलून दोनदा खेळवतात. शिवाय इंजिनशी शेकडो अनोळखी मांडण्या खेळून 'इथे मोहरी कुठं बसवायची' ही नजर तयार करता येते. पाठांतर गेलं, सराव राहिला.

आणि विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. नेहमीच्या बुद्धिबळात नवखा प्रेक्षकही म्हणतो, 'अरे, हे सिसिलियन आहे.' दीडशे वर्षांपूर्वीच्या डावाशी कालचा डाव जोडता येतो. इथे प्रत्येक डाव अनाथ. पहिल्या दहा चाली तर समालोचकांनाही नीट कळत नाहीत, घरी बघणाऱ्याचं तर सोडाच.

म्हणून क्रामनिकने मधला मार्ग सुचवला. मांडणी तीच ठेवा, फक्त कॅसलिंग बंद करा. एवढ्याने ओपनिंगची जुनी पुस्तकं बरीचशी निकामी होतात आणि राजा उघड्यावर राहतो. डीपमाइंडबरोबर त्याने हे अल्फाझिरोवर तपासून घेतलं. २०२१ मध्ये डॉर्टमुंडला आनंद आणि क्रामनिक स्वतःच या नियमाने चार डाव खेळले. आनंद २.५-१.५ असा जिंकला. कल्पना चांगली होती, पण गर्दी फ्रीस्टाइलच्या मागे गेली.

घरी खेळून बघायचं असेल तर

लिचेस आणि चेस डॉट कॉमवर चेस९६० चा पर्याय आहे. मोबाईल नको असेल तर लुडोचा एक फासा पुरतो. पांढऱ्याच्या डावीकडून मोजायचं. पहिला आकडा काळ्या घरातल्या उंटासाठी, दुसरा पांढऱ्या घरातल्या उंटासाठी. दोन्ही वेळी ५ किंवा ६ पडला तर पुन्हा टाका. तिसरा आकडा वजिरासाठी, जितका पडेल तितक्या क्रमांकाच्या रिकाम्या घरात तो ठेवा. चौथा पहिल्या घोड्यासाठी, रिकामी घरं पाचच असल्याने ६ पडला तर पुन्हा. पाचवा दुसऱ्या घोड्यासाठी, इथे पुन्हा ५ आणि ६ बाद. उरलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती. काळ्याने समोर तसंच मांडायचं.

२, ३, ३, २, ३ असे आकडे पडले तर मात्र आपली नेहमीचीच मांडणी लागते. शेवटचे दोन आकडे ४ आणि २ आले तरीही तीच.